बेंबीतले किडे आणि गोठ्यातली माती: राजापूर तालुक्यातील एका वाडीचे प्रकरण

पावसाळ्यात कोकणातील गुरांच्या जखमांत किडे पडणे ही पशुवैद्यकासाठी रोजची बाब आहे, आणि रोजची असल्यामुळेच तिची नोंद कोणी नीट ठेवत नाही. जखम धुतली, किडे काढले, औषध भरले, इंजेक्शन दिले की काम झाले, असे मीही अनेक वर्षे धरून चालले होते. राजापूर तालुक्यात किनाऱ्याजवळच्या एका नऊ घरांच्या वाडीत एका पावसाळ्यात जे घडले, त्यानंतर मला ही समजूत सोडावी लागली. ते प्रकरण घडले त्या क्रमाने, माझ्या चुकीसह, येथे मांडत आहे. घरमालकांची आणि वाडीची नावे हेतुतः दिलेली नाहीत.

जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात, भातलावणी ऐन भरात असताना, वाडीतील एका घरून फोन आला की आठवड्यापूर्वी जन्मलेली पाडी दूध ओढत नाही, पाठ वाकवून उभी राहते आणि तिच्या बेंबीपाशी कुजका वास येतो. गाय कोकण कपिला जातीची, दुसऱ्या वेताची. घरापासून थोड्या अंतरावरच्या मांगरात, म्हणजे गुरांच्या छपरीत, ती रात्री व्याली होती आणि नाळ आपोआप तुटली होती. सकाळी घरच्या वहिनींनी पाडीला कोरडी करून बेंबीला चुलीतील राख लावली होती. सगळी माणसे लावणीसाठी कोपऱ्यात (भातखाचरात) उतरलेली असल्याने पुढचे चार दिवस पाडीकडे कोणी निरखून पाहिले नाही. पाचव्या दिवशी किडे दिसले, तेव्हा आधी उंडीचे कडू तेल घातले गेले आणि नंतर बाजारातून टर्पेंटाइन आणून जखमेत ओतले गेले. ते ओतताच बरेच किडे वळवळत बाहेर येऊन गोठ्याच्या मातीवर पडले, आणि औषध लागू पडले असे घरच्यांना वाटले.

मी पोहोचले तेव्हा पाडीला १०४ अंश ताप होता. बेंबीचा भाग लिंबाएवढा सुजलेला होता, भोवतीच्या केसांना रक्तमिश्रित पाणी लागले होते आणि मध्ये करंगळी जाईल एवढे भोक पडले होते. बॅटरीच्या उजेडात तळाशी अळ्यांचा दाट पुंजका दिसला. सगळ्यांची डोकी मांसात रुतलेली आणि श्वासरंध्रे असलेली मागची टोके वर आलेली, अशी त्यांची मांडणी होती. चिमट्याचा स्पर्श होताच त्या बाहेर येण्याऐवजी आणखी खोल शिरत होत्या. सडक्या मांसावर वरवर फिरणाऱ्या अळ्या असे करत नाहीत. जिवंत मांसावर जगणाऱ्या माशीची ही खूण आहे हे माझ्या लक्षात आले होते. लक्षात येऊनही पुढची पायरी मी चुकले, ते पुढे येईलच.

अळ्यांचे आकार सारखे नव्हते. काही जेमतेम तीनचार मिलिमीटरच्या, तर काही दीड सेंटिमीटरच्या, जाड आणि पूर्ण वाढलेल्या होत्या. याचा अर्थ माशी एकदाच आली नव्हती. किडे पडलेल्या जखमेचा वासच अंडी घालायला आलेल्या दुसऱ्या माद्यांना ओढून आणतो, त्यामुळे पहिला पुंजका वाढत असतानाच त्याच जखमेच्या कडेला दुसरा घातला जातो.

पाडीवरचे उपचार नेहमीचेच होते. सलाइनने जखम पुन्हा पुन्हा धुऊन, टर्पेंटाइनचा बोळा क्षणभर तोंडाशी धरून, वर आलेली प्रत्येक अळी चिमट्याने काढली. शंभराहून अधिक निघाल्या. जखम पोटाच्या पोकळीत उघडलेली नाही याची सळईने खात्री करून घेतली, कारण तसे असते तर टर्पेंटाइनचा थेंबही आत जाऊ देणे घातक ठरले असते. पाडीचे वजन अंदाजे १५ किलो होते, म्हणून एक टक्क्याचे आयव्हरमेक्टिन हे परजीवीनाशक ०.३ मिलिलिटर कातडीखाली दिले. त्या औषधाचे प्रमाण दर ५० किलोला १ मिलिलिटर असे आहे, आणि वासराला घाईत 'अर्धी सिरिंज' टोचण्याची सवय धोकादायक आहे. सोबत प्रतिजैविक सुरू केले आणि वेदनेसाठी मेलॉक्सिकॅम दिले. डायक्लोफिनॅक हे दुसरे वेदनाशामक गुरांना देण्यावर २००६ पासून बंदी आहे, कारण ते औषध दिलेले जनावर मेल्यावर त्याचे मांस खाणारी गिधाडे मूत्रपिंड निकामी होऊन मरतात. रायगडमध्ये म्हसळ्याजवळ चिरगावला गिधाडांची घरटी पुन्हा नांदावीत म्हणून लोक झटत असताना आपल्या पिशवीत ती बाटली असता कामा नये.

आयव्हरमेक्टिनबद्दल एक गोष्ट येथेच स्पष्ट केली पाहिजे. ते दिले म्हणजे जखमेतील सर्व किडे मरतात, असा समज गोठ्यातही आहे आणि आमच्या काही सहकाऱ्यांतही आहे. एकदोन दिवसांच्या कोवळ्या अळ्या त्याने मरतात आणि पुढचे काही दिवस नव्याने पडणाऱ्या किड्यांपासून संरक्षणही मिळते. मात्र चारपाच दिवसांच्या, वाढ पुरी होत आलेल्या अळ्यांपैकी पुष्कळ जगतात. त्या हाताने काढाव्या लागतात, आणि काढल्यावर माराव्या लागतात.

हे दुसरे मी त्या दिवशी केले नाही. काढलेल्या अळ्या एका करवंटीत जमा केल्या होत्या. निघताना ती करवंटी मी घरच्या मुलाच्या हाती दिली आणि 'लांब टाकून ये' एवढेच सांगितले. त्याने ती गोठ्याच्या मागे, शेणकीच्या (शेणखताच्या खड्ड्याच्या) कडेला रिकामी केली. आधीच्या दोन दिवसांत टर्पेंटाइनमुळे मातीवर पडलेल्या अळ्यांची चौकशी मी केली नाही आणि वाडीतील इतर जनावरेही पाहिली नाहीत. पाडी वाचली, चौथ्या दिवशी ताप उतरला आणि बाराव्या दिवशी बेंबी भरून आली. कागदोपत्री हे यशस्वी उपचाराचे प्रकरण होते.

अठराव्या दिवशी त्याच वाडीतून पुन्हा फोन आला. या वेळी शेजारच्या चुलतघरातील बैल होता. चिखलणीच्या दिवसांत जोखडाने त्याचा खांदा सोलवटला होता, ओल्या जुवाखाली ती जागा रोज घासली जात होती, आणि आता तिथे तळहाताएवढी पोकळी होऊन आत किडे वळवळत होते. घरमालक काकांनी विचारलेला प्रश्न साधा होता: "डॉक्टर, पाडीचे किडे तर तुम्ही सगळे काढलेत. मग हे आले कुठून?"

काकांचे स्वतःचे उत्तर तयार होते. खाडीच्या तोंडाशी मासळी सुकवण्याची जागा आहे, तिथे हिरव्या माशा घोंघावतात, त्याच वाडीत येतात, असे त्यांचे म्हणणे होते आणि त्यावरून दोन वस्त्यांत थोडी कुरबुरही झाली होती. हा आरोप खोडून काढणे मला औषधाइतकेच आवश्यक वाटले. महाराष्ट्राच्या किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै यांत्रिक नौकांना मासेमारी बंद असते, आणि धो धो पावसात मासळी सुकत घालता येत नाही. ज्या आठवड्यात बैलाला किडे पडले, त्या आठवड्यात ती जागा रिकामी होती. त्याहून महत्त्वाचे म्हणजे माशीच वेगळी आहे. सुक्या मासळीवर बसणारी, मोठ्या तांबड्या डोळ्यांची हिरवी माशी प्रामुख्याने क्रायसोमाया मेगासेफाला ही असते. ती मेलेल्या प्राण्यावर, मासळीच्या घाणीवर, विष्ठेवर अंडी घालते, आणि जखमेत आलीच तर बहुधा दुसऱ्या माशीने आधी बिघडवलेल्या जखमेत येते. गुरांच्या ताज्या जखमेत किडे पाडणारी क्रायसोमाया बेझियाना तिच्याच कुळातील, निळसर हिरव्या चमकेची आणि दिसायला बरीच सारखी आहे. परंतु तिच्या अळ्या मेलेल्या मांसावर वाढूच शकत नाहीत. त्यांना जिवंत, उबदार शरीर लागते. त्यामुळे ही माशी कचऱ्यातून येत नाही, ती दुसऱ्या एखाद्या जनावराच्या जखमेतूनच आलेली असते. काकांच्या प्रश्नाचे उत्तर या एका वाक्यात होते, आणि त्या उत्तरात माझी करवंटीही होती.

या माशीचे वर्णन १९१४ मध्ये आफ्रिकेतील नमुन्यांवरून झाले. भारतात माणसांच्या व गुरांच्या जखमांत पडणारे किडे मुख्यतः हिचेच आहेत, हे डब्ल्यू. एस. पॅटन यांनी १९२० मध्ये दाखवून दिले. म्हणजे शंभर वर्षांहून अधिक काळ ही गोष्ट ज्ञात आहे, आणि तरी आपल्याकडे 'घाण राहिली म्हणून किडे पडले' एवढ्यावरच निदान थांबते.

तिचे जीवनचक्र दिवसांत मोजले तर वाडीतील घटनांचा उलगडा होतो. मादी बहुधा दुपार कलल्यावर जखमेच्या कोरड्या कडेला शे-दोनशे अंडी एकमेकांना चिकटवून घालते. एक दिवसाच्या आत अंडी फुटतात, आणि पाच ते सात दिवस मांस खाऊन झाले की पूर्ण वाढलेली अळी स्वतःहून जखमेबाहेर पडते, खाली मातीत शिरते आणि कोश करते. आपल्याकडच्या पावसाळी उष्णतेत साधारण आठवड्याभराने कोशातून माशी निघते, आणि त्यानंतर आणखी सुमारे आठवड्याने मादी अंडी घालण्याच्या स्थितीत येते. मी पाडी पाहिली त्या दिवशी काही अळ्या पुऱ्या वाढलेल्या होत्या. त्यांनी एकदोन दिवसांत कोश केला असे धरले, तर नव्या माद्या पंधराव्या-सोळाव्या दिवशी जखम शोधत फिरणार, आणि त्यांनी घातलेल्या अंड्यांतील अळ्या डोळ्यांना जाणवण्याइतक्या मोठ्या अठराव्या दिवसाच्या आसपास होणार. बैलाच्या खांद्यातील बहुतेक अळ्या दोनतीन दिवसांच्याच होत्या. पाडीच्या अळ्यांचीच ही पुढची पिढी, हे प्रत्यक्ष सिद्ध करता येणारे विधान नाही, कारण माशी कित्येक किलोमीटर उडू शकते. परंतु तारखा इतक्या नेमक्या जुळत असताना दुसरे कारण शोधत बसणे मला प्रामाणिकपणाचे वाटले नाही.

येथे टर्पेंटाइनचा विचार वेगळा करायला हवा, कारण घरोघरी तेच पहिले औषध आहे. त्याच्या वाफेने अळ्या कासावीस होऊन बाहेर येतात, मरतातच असे नाही. कोवळी अळी शरीराबाहेर जगत नाही, त्यामुळे ती पडली तर मरते. वाढ पुरी झालेल्या अळीला मात्र तसेही बाहेरच यायचे असते. टर्पेंटाइन ओतून आपण तिला फक्त दोनचार तास आधी मातीत पोहोचवतो. उघड्यावर, जांभ्याच्या पाणी साचलेल्या जमिनीत तिचा कोश टिकणे कठीण असते. पण मांगरात आणि गोठ्यात छपराखाली, भिंतीच्या कडेला, गव्हाणीच्या मागे जी भुसभुशीत, किंचित ओलसर माती असते, ती कोशासाठी अगदी योग्य जागा आहे. आपण गुरांना पावसापासून जपतो त्याच छपराखाली माशीची पुढची पिढीही जपली जाते.

बैलाची जखम साफ करताना या वेळी मी उकळत्या पाण्याची बादली शेजारी ठेवली आणि प्रत्येक अळी थेट तीत टाकली. सर्वांत खोलवरच्या दहाबारा अळ्या गरम पाण्यात मारून ८० टक्के अल्कोहोलच्या कुपीत घेतल्या. नुसत्या स्पिरिटमध्ये जिवंत टाकल्यास त्या आक्रसून काळ्या पडतात आणि ओळख पटवणे अवघड होते. दवाखान्यात सूक्ष्मदर्शकाखाली पाहिल्यावर पुढच्या श्वासरंध्रांना पाच-पाच बोटांसारखी टोके दिसली आणि अंगाभोवती काट्यांचे रुंद पट्टे दिसले, ज्यांमुळे अळी स्क्रूसारखी भासते आणि या माशीला स्क्रूवर्म म्हणतात. या जातीत ती टोके बहुधा चार ते सहा असतात. तपासणीने संशयाला पुष्टी मिळाली.

तीन मोठ्या अळ्या मात्र मी मारल्या नाहीत. लोणच्याच्या काचेच्या बरणीत चार बोटे ओलसर वाळू घालून त्यांना वर सोडले, तोंडाला दुहेरी कापड घट्ट बांधले आणि बरणी काकांच्या ओटीवर, त्यांच्याच देखरेखीखाली ठेवली. अळ्या काही मिनिटांत वाळूत दिसेनाशा झाल्या. आठव्या दिवशी काकांनी बरणी उघडली नाही, पण मला फोन करून सांगितले की आत दोन हिरव्या माशा फिरत आहेत. मी वाडीत वर्षानुवर्षे जे सांगत होते त्यापेक्षा त्या बरणीने अधिक काम केले. माशा पाहायला नऊच्या नऊ घरांतील माणसे आली आणि 'किडा म्हणजे माशीचे पोर' हे पहिल्यांदा सर्वांच्या डोळ्यांसमोर आले. पाहून झाल्यावर बरणी तशीच बंद उकळत्या पाण्यात घातली.

बरणीतील माशा निघण्याची वाट न पाहता, बैल पाहिला त्याच दिवशी मी घरोघर जाऊन प्रत्येक जनावर तपासले होते. गुरांत आणखी एक जखम सापडली. एका गाभण गाईच्या कानाला ओळखीचा पिवळा बिल्ला नुकताच टोचला होता आणि भोकाच्या कडेला अंड्यांचा पांढरा पापुद्रा चिकटलेला होता, किडे अजून व्हायचे होते. बारा अंकी क्रमांकाचे हे बिल्ले आवश्यक आहेत, त्याबद्दल माझी तक्रार नाही. पण शक्य असेल तर टोचणी, खच्चीकरण आणि शिंगे काढणे ही कामे पावसाळा ओसरल्यावर करावीत, आणि करावीच लागली तर पाच दिवस रोज जखम पाहावी, एवढे तरी प्रत्येक घरी सांगितले गेले पाहिजे. अंडी चिमट्याने खरवडून काढली आणि जखमेच्या कडेने करंजाचे तेल लावले. ज्या प्राण्याची मला सर्वांत अधिक काळजी वाटली, तो मात्र कोणाच्याही दाव्याला बांधलेला नव्हता. वाडीत फिरणाऱ्या एका कुत्र्याच्या कानामागे भांडणात झालेली जखम होती आणि ती किड्यांनी भरलेली होती. त्याला पकडण्यात दोन दिवस गेले. कुत्र्याच्या जखमेतील अळ्या आकाराने बैलाच्या अळ्यांहून मोठ्या होत्या, म्हणजे त्याच्या अंगावरून माशांची एक तुकडी आणखी लवकर उडाली असती. गुरांचा बंदोबस्त करून कुत्र्याकडे दुर्लक्ष केले, तर सगळे श्रम वाया जातात.

पाडीच्या घरात आजींच्या पायाला मधुमेहाची न भरणारी जखम होती, हेही त्याच फेरीत कळले. ही माशी माणूस आणि जनावर असा भेद करत नाही. जिथे उघडी, ओलसर जखम आहे आणि ती हाकलण्याइतकी ताकद नाही, तिथे ती बसते. आजी दुपारी ओटीवर पाय उघडा टाकून झोपत. त्यांच्या सुनेला मी पट्टी बदलण्याची वेळ, दुपारी मच्छरदाणी लावणे आणि ग्रामीण रुग्णालयात जखम दाखवणे, या तीन गोष्टी सांगितल्या. पशुवैद्यकाने माणसांच्या औषधोपचारात पडू नये हे खरे आहे, पण गोठा घराला लागून असताना ही सूचना गोठ्यातून बाहेर पडणाऱ्या माणसानेच द्यायची असते.

मातीचे काम दोन दिवस चालले. गोठ्याच्या आणि मांगराच्या भिंतीकडेची चार बोटे जाडीची माती खरवडून घमेल्यात भरली आणि न्हाणीच्या चुलीवरच्या हंड्यातील उकळते पाणी तीवर ओतले. पाडीच्या मांगरातील मातीत बार्लीच्या दाण्यासारखे, तपकिरी, एका टोकाने उघडलेले रिकामे कोश मिळाले, आणि ते हातात घेताना माझ्याच करवंटीची आठवण झाली. शेणकीच्या कडेला काहीच सापडले नाही. तिथे कोंबड्यांनी आणि पावसाने आपले काम केले असावे. नंतर जमीन चोपून शेणाने सारवली. सारवलेली घट्ट जमीन अळीला शिरायला अवघड असते.

येथे जगातील एक प्रयत्न सांगणे अप्रस्तुत होणार नाही. अमेरिका खंडातील स्क्रूवर्म ही वेगळी जात आहे, पण तिचे जगणे हिच्यासारखेच. एडवर्ड निपलिंग आणि रेमंड बुशलँड यांनी तिचे कोश किरणोत्साराने वांझ करून नर सोडण्याची पद्धत विकसित केली, आणि १९५४ मध्ये कुरासाओ बेटावर तिने माशीचा नायनाट झाला. मादी बहुधा एकदाच मीलन करते, म्हणून वांझ नराशी मीलन झालेल्या मादीची अंडी फुकट जातात. अनेक देश यामुळे मुक्त झाले. तरी नोव्हेंबर २०२४ मध्ये मेक्सिकोत ती पुन्हा आढळली. आपल्याकडे असे कारखाने नाहीत. त्यामुळे वाडीच्या पातळीवर आपल्या हाती एकच मार्ग उरतो: वाढलेली अळी जखमेतून मातीत जाण्याआधी तिला गाठणे आणि गेलेली असेल तर कोशातून माशी निघण्याआधी माती उलटणे. त्यासाठी साधारण आठवड्याचा अवधी मिळतो.

काकांच्या बैलाला औताला जुंपण्यास तीन आठवडे मनाई केली. ऐन हंगामात हे सांगणे जड गेले, आणि काकांनी ते मानले ते शेजारच्या घरी बैलजोडी मागून. बैलाला आयव्हरमेक्टिन दिले. दुभत्या गाईंना मात्र ते दिले नाही, कारण ते दुधात उतरते आणि ते दूध माणसाने पिऊ नये. गोचीड काढण्याचा दिवस ठरवला. गोचिडाच्या दंशाची बारीक, रक्ताळलेली जागाही या माशीला पुरते, आणि कोकणातील गुरांच्या आचळांच्या बगलेत ती हमखास असते.

बैलाच्या उपचारानंतर मी बेचाळीस दिवस, म्हणजे माशीच्या दोन पिढ्यांएवढा काळ, दर आठवड्याला वाडीत गेले. या काळात नवी एकच जखम आढळली, आणि ती एका शेळीच्या खुरात, पहिल्याच दिवशी, किडे पडण्याआधी घरच्यांनीच दाखवली. ऑगस्टच्या अखेरीस बिल्ला टोचलेली ती गाय व्याली. मी गेले तेव्हा पाडा उभा राहून दूध ओढत होता, नाळ दोन बोटे ठेवून कापलेली व आयोडीनने पिवळसर तपकिरी झालेली होती, आणि आयोडीनची बाटली घरच्या वहिनींनी गव्हाणीवरच्या कोनाड्यात, आगपेटीशेजारी, हाताला येईल अशी ठेवली होती. चौथ्या दिवशी नाळ सुकून गळली.